'फ्रेंच कनेक्शन'चे रंग



जुना चित्रपट घरी पाहण्यासाठी डिस्कवर येतो, तेव्हा त्याचे रंग कुणी ठरवायचे, यावर मी आज बोलणार आहे. उदाहरण एकच घेतो.

'द फ्रेंच कनेक्शन' १९७१चा. दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन, छायालेखक ओवेन रॉइझमन. हिवाळ्यातले न्यूयॉर्क, मळकट भिंती, बारमधला अपुरा उजेड आणि बऱ्याचदा हातातच धरलेला कॅमेरा. रॉइझमन यांनी हे शहर सुंदर दिसू दिले नाही, आणि माझ्या मते त्या छायालेखनाचे मोठेपण तिथेच आहे. २००९ साली या चित्रपटाची ब्लू-रे डिस्क निघाली. ती पाहून रॉइझमन यांनी, या कामाशी आपला काही संबंध नाही, असे जाहीर करून टाकले. रंग बदलले होते खुद्द फ्रिडकिन यांनी, तेही छायालेखकाला न विचारता.

मुळात निगेटिव्हमध्ये चित्रपटाचे अंतिम रंग नसतातच. रंगीत निगेटिव्ह हातात धरून पाहिली, तर सगळीकडे नारिंगी झाक दिसते. प्रिंट काढताना लॅबमध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांची मात्रा शॉटगणिक ठरवावी लागते. प्रत्येक रंगासाठी १ ते ५० अंकांची पट्टी असते. पहिली प्रिंट छायालेखक पाहतो, इथे निळा कमी करा, तो चेहरा थोडा उजळू द्या, असे सांगतो, आणि आकडे बदलतात. १९७१च्या प्रेक्षकाने जे पाहिले, ते या आकड्यांतून आलेले होते.

पुढे त्या प्रिंट विटतात. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि चित्र गुलाबी-तांबूस होत जाते. म्हणून डिस्कसाठी बहुधा निगेटिव्हच स्कॅन करतात, आणि रंग नव्याने बसवावे लागतात. लॅबमध्ये फार तर अख्खी चौकट उजळ-गडद करता येई, तिची रंगछटा बदलता येई. आता संगणकावर आकाश वेगळे, गाल वेगळा, भिंत वेगळी रंगवता येते. एवढी मोकळीक हाती आली की जुनी प्रिंट कशी होती, हे विचारणारे कुणीतरी शेजारी बसलेले हवेच.

२००९च्या डिस्कसाठी फ्रिडकिन यांनी चित्र आधी कृष्णधवल केले, रंगांचा थर भडक करून मग धूसर केला, आणि तो त्या कृष्णधवल चित्राशी मिसळला. चित्रपटाच्या सुरुवातीला सांताक्लॉजच्या वेषातला पोपाय डॉइल, म्हणजे जीन हॅकमन, ब्रुकलिनच्या रस्त्यावर एका माणसामागे धावतो. ती लाल वस्त्रे डोळ्यांपुढे आणा. रंगाचा थर धूसर झाला की लाल रंग कापडाच्या कडेशी थांबत नाही, बाहेर पसरतो. रॉइझमन यांच्या चौकटीत तो लाल रंग करड्या रस्त्यावर एकटा उठून दिसतो. तो तसाच दिसायला हवा.

फ्रिडकिन यांनी जॉन ह्यूस्टन यांच्या १९५६च्या 'मोबी डिक'चा दाखला दिला होता. तिथेही रंगीत चित्राला कृष्णधवलाची जोड होती. पण ह्यूस्टन आणि छायालेखक ऑस्वल्ड मॉरिस यांनी ते मिळून केले, आणि चित्रपट पहिल्यांदा पडद्यावर आला तोच तसा. मला हा फरक निर्णायक वाटतो. दिग्दर्शकाला फेरविचाराचा हक्क आहे, मी तो नाकारत नाही. पण ज्या रंगांत लोकांनी चित्रपट पाहिला, ते रंग बाजारातून नाहीसे करण्याचा हक्क त्याला नाही.

२०१२ साली नवी डिस्क आली. या वेळी फ्रिडकिन आणि रॉइझमन या दोघांचीही संमती होती, आणि चित्र पुन्हा त्या जुन्या थंड, खरखरीत रूपाजवळ आले. २०२३च्या जानेवारीत रॉइझमन गेले, ऑगस्टमध्ये फ्रिडकिन.

आपल्याकडे 'मंथन'चे पुनरुज्जीवन झाले, ते २०२४ साली कान महोत्सवात दाखवले गेले. त्या कामावर श्याम बेनेगल यांच्यासोबत छायालेखक गोविंद निहलानी यांची देखरेख होती. १९७६च्या चित्रपटाच्या बाबतीत हे जमले, कारण दोघेही हयात होते. ज्यांचे छायालेखक आता नाहीत, अशा चित्रपटांसाठी लॅबचे आकडे आणि एखादी न विटलेली प्रिंट हाच पुरावा उरतो. म्हणून डिस्क काढणाऱ्यांकडे माझी मागणी आहे: रंग कुठल्या प्रिंटशी ताडून पाहिले, ते कुणी मान्य केले, आणि मूळपासून कुठे फारकत घेतली, हे वेष्टनावर ठळक छापा. मग ती डिस्क घ्यायची की नाही, हे आम्ही ठरवू.