एच.आय.व्ही. बाधित आणि करोनाचा धोका
(बावडा, ता. इंदापूर येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणावरून)



जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाविषयक आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग हा विषय आज कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. आणीबाणी संपली, विषाणू मात्र गेलेला नाही. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच उणी आहे, त्यांच्याविषयी त्या काळात जे ज्ञान हाती आले, ते गावोगावी पुरेसे पोहोचलेले नाही.

मार्च २०२० मध्ये या प्रश्नाचे निश्चित उत्तर कोणापाशीच नव्हते. लोपिनावीर व रिटोनावीर ही एच.आय.व्ही.वरील औषधे करोनावरही गुणकारी ठरतील, अशी त्या वेळी आशा होती. जयपूर येथे इटलीच्या एका पर्यटक दांपत्याला ती देण्यातही आली. परंतु ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत त्यांचा काही लाभ होत नसल्याचे २०२० च्या मध्यास स्पष्ट झाले. तेव्हा, ‘मी या गोळ्या घेतो, मला करोनाची भीती नाही,’ असे कोणी म्हणत असेल, तर तो भ्रम होय. पुढे जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे पंधरा हजार एच.आय.व्ही. बाधितांची माहिती तपासून असा निष्कर्ष काढला की, त्यांच्या मृत्यूचा धोका इतर रुग्णांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असतो. ही माहिती प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतील होती, हेही सांगितले पाहिजे.

हा धोका सर्वांना सारखा नाही. रक्तातील सीडी-४ या संरक्षक पेशींची संख्या दोनशेच्या खाली गेलेली असेल, उपचार सुरू नसतील किंवा मधेच सुटले असतील, जोडीला क्षय वा मधुमेह असेल, तर धोका वाढतो. नियमित औषधाने विषाणू दबलेला असेल, तर तो पुष्कळ कमी होतो. म्हणून खरा प्रश्न गोळ्यांच्या सातत्याचा आहे.

आपल्या देशात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून शासनातर्फे विनामूल्य मिळतात. ती रोज, आयुष्यभर घ्यावी लागतात. खंड पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि पुढे तो त्याच औषधांना जुमानेनासा होण्याचा संभव असतो. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, एस.टी. थांबली, आणि गावातून एआरटी केंद्रापर्यंत जायचे कसे, हा पेच उभा राहिला. एकदम अनेक महिन्यांची औषधे देण्याचा निर्णय तेव्हा घेण्यात आला. तो योग्यच होता. माझ्या मते तो साथीच्या आधीच सर्वत्र रुळायला हवा होता. आपल्या परिसरात आणखी एक अडचण असते. बीड, अहिल्यानगरकडील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या हंगामात येथे कोप्या घालून राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे नाव दूरच्या, त्याच्या गावाकडील केंद्रात असेल, तर येथे अडकून पडल्यावर त्याने गोळ्या कोठून घ्याव्यात? अशा माणसाने जवळच्या केंद्रात आपले कार्ड दाखवून विचारणा करावी, एवढी साधी गोष्टही त्याला कोणी सांगितलेली नसते.

लसीकरणाच्या वेळी पेच निराळा होता. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ या वयातील सहव्याधी असणाऱ्यांना लस मिळू लागली. शासनाच्या त्या यादीत एच.आय.व्ही. संसर्गाचाही समावेश होता. परंतु त्यासाठी वैद्याचे, व्याधीची नोंद असलेले प्रमाणपत्र केंद्रावर दाखवावे लागे. जेथे सारे एकमेकांना ओळखतात, तेथे असा कागद पुढे करणे म्हणजे स्वतःच्या हाताने दवंडी पिटणे. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली आणि त्या वयाच्या लोकांपुरती ही अट गळाली. पण हक्क कागदावर असूनही लोकलज्जेमुळे तो वापरता येत नाही, हे यातून नीट कळते.

एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. नोकरी, शिक्षण, उपचार यांत बाधिताशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे. न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणावरही आपली स्थिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. काही ठरावीक अपवाद सोडता, इतरांनी ती त्या व्यक्तीच्या संमतीविना सांगता येत नाही. तेव्हा गावातील बाधितांची यादी करण्याचा मोह पंचायतीने टाळावा. ‘कोणाला नियमित औषधांसाठी बाहेरगावी जावे लागते का?’ एवढेच साथीच्या काळात आशा कार्यकर्तीने घरोघर विचारावे. मधुमेहाचे, क्षयाचे, एच.आय.व्ही.चे रुग्ण त्याच एका प्रश्नात येतात, आणि वाहनाची सोय करताना आजाराचे नाव विचारण्याची गरज उरत नाही.