लेकुरवाळीचं नाव कापू नका
(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आम्ही तिघी एकाच पाड्यातल्या. आश्रमशाळेत शिकलो, बारावी झालो. एकीला नर्स व्हायचं होतं, एकीला पोलीस भरती, एकीला डी.एड. वनहक्काचे दावे निघाले तेव्हा पाड्याचे फॉर्म आम्हीच लिहिले. मग दोन वर्षांत तिघींनाही दिवस गेले. कोणी ठरवलं नव्हतं. एकीचा माणूस वीटभट्टीवर गेला, तो आलाच नाही.

पोर झालं आणि आमची नावं लोक विसरले. अमक्याची आय, एवढंच उरलं. भरतीची तारीख गेली तेव्हा आम्ही रडलो. पोर झालं नि सगळं गोड झालं, असं खोटं आम्ही सांगणार नाही.

पण एक बदललं. आधी आम्हाला पाडा सोडून जायचं होतं. जमीन बापाची, नाहीतर सासऱ्याची, आपलं काय त्यात? पोर पाठीला बांधून नागली लावायला लागलो, तेव्हा कळलं की आता पोटं दोन आहेत. मग ही जमीन कोणाच्या नावावर?

जिचा माणूस गेला, तिचा दावा परत आला. म्हणे, नवऱ्याची सही आणा. आम्ही २००६ चा वनहक्क कायदा काढून वाचला. कलम ४(४): नवरा-बायको असतील तर पट्टा दोघांच्या नावाने. घर एकटी बाई चालवते, तर तिच्या एकटीच्या नावाने. पोर मांडीवर घेऊन तिने दावा पुन्हा ग्रामसभेत मांडला. निकाल अजून नाही, पण पोचपावती तिच्या हातात आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. वनहक्क समितीत दहा ते पंधरा माणसं, त्यात एक तृतीयांश बाया पाहिजेतच. आमच्यातल्या दोघींची नावं बाळंतपणात कापली. लेकुरवाळीला मोजणीला चालवेल का, म्हणाले. अरे, डोक्यावर मोळी नि पाठीवर पोर घेऊन डोंगर उतरतो, तेव्हा कोणी विचारतं का?

म्हणून आमचं मागणं आहे. कापलेली नावं परत लिहा. सभा दिवे लागायच्या आत संपवा. मोजणीच्या दिवशी पोरं बापांनीही सांभाळावी.

नर्स व्हायचं अजून मनात आहे, ते सोडलेलं नाही. पण पट्ट्यावर आधी आमचं नाव पाहिजे. अमक्याची आय नको, आमचं स्वतःचं नाव.

जिंदाबाद!