लिनक्सची विद्या आणि राखण

सोलापुरी चादरीवरील वेलबुट्टी पाहतांना तिच्यामागील पुठ्ठ्यांची आठवण क्वचितच कोणास होते. फ्रान्समधील जोझेफ जॅकार्ड यानें १८०४ सालीं सिद्ध केलेली युक्ति सोलापुरच्या मागांवरहि रुजली. पुठ्ठ्याला छिद्र असेल तेथें ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तेथें तो खालीं राहतो. नक्षी बदलण्यासाठीं माग मोडावा लागत नाहीं, पुठ्ठे बदलले कीं पुरे. ज्याला पुठ्ठे पाडतां येतात तो नक्षीचा धनी. इतरांनीं मिळेल ती नक्षी विणावी.

संगणकाचेंहि असेंच आहे. फाईली सांभाळणें, स्मृतीची वांटणी करणें, छपाईयंत्राशीं व्यवहार ठेवणें हीं कामें करणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पुष्कळ घरांत ती जणूं कुलूप घातलेल्या पेटींतून येते. या बंधनाविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन यांनीं अमेरिकेंत १९८३ सालीं ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. दोहोंच्या मिलाफांतून झालेली प्रणाली कोणींहि वापरावी, आंतून पाहावी, बदलावी आणि शेजाऱ्यास द्यावी, अशी तिच्या परवान्याची मुभा आहे. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. हा अधिकार हाच त्या शब्दाचा खरा अर्थ. पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनें डेबियन या लिनक्स-प्रकाराच्या आधारें बॉस नांवाची प्रणाली भारतीय भाषांसाठीं सिद्ध केली. तींत मराठीहि आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चें सर्वसाधारण पाठबळ संपलें, तेव्हां नवी आवृत्ति न पेलणाऱ्या जुन्या यंत्रांचा प्रश्न उभा राहिला. अशा यंत्रावर लिनक्स बसवितां येतें. ही वाट स्वस्त खरी, पण ती विद्या मागते.

प्रारंभीं पेनड्राइव्हवरूनच प्रणाली चालवून पाहावी. त्यासाठीं ती डिस्कवर बसवावी लागत नाहीं. छपाईयंत्र चालतें काय, हिशेबाची आज्ञावली चालते काय, हें तेव्हांच तपासावें. कायम बसविण्यापूर्वीं सर्व फाईलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी.

पुढें राखणीचें काम. लिनक्समध्यें सामान्य वापरणारा व सर्वाधिकारी असे दोन दर्जे असतात; सर्वाधिकाऱ्यास रूट म्हणतात. प्रत्येक फाईलीवर मालक, गट आणि इतर यांचे वाचण्याचे, लिहिण्याचे व चालविण्याचे हक्क नोंदलेले असतात. नवशिक्यास ही अडचण वाटते. तो सर्व कामें रूट होऊनच करूं लागतो. मग एखादी चुकीची आज्ञा सगळी डिस्क पुसून टाकते, आणि प्रणाली तिला अडवीत नाहीं. म्हणून तो अधिकार ‘सुडो’ या आज्ञेनें कामापुरताच घ्यावा. अनोळखी आज्ञा उतरविण्यापूर्वीं ‘मॅन’ लिहून तिचा अर्थ वाचावा. सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळीं घ्याव्या.

शाळेंत किंवा कारखान्यांत ही विद्या एकाच माणसापाशीं राहिली, तर त्याची बदली होतांच परवलीचा शब्दहि त्याच्याबरोबर जातो आणि मुक्त प्रणालीला पुन्हां कुलूप लागतें. यासाठीं श्रोत्यांपैकीं जे अशा संस्था चालवितात त्यांनीं निदान दोघांस ही विद्या द्यावी, आणि केलेला प्रत्येक बदल मराठींत तारखेनिशीं वहींत नोंदवावा. करारानें दिलेला अधिकार अशा वहीमुळेंच हातीं राहतो.