बिल्ला मिळाला, पण अर्ज वाचता आला का?



आम्ही वक्ते नव्हेत. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत चिकटलो आणि संगणक नोकरीने शिकवला, तेवढाच आमचा अधिकार. तरीही आज बोलायला उभे राहिलो, कारण एक चूक कबूल करायची आहे.

गेल्या वर्षी संस्थेच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आम्हीच टाइप केला. छापला, मोबाईलवर फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवून दिला. वस्तीतील अकरावीची एक विद्यार्थिनी पूर्ण अंध आहे. तिचा मोबाईल अक्षरे बोलून दाखवतो. आमचा अर्ज उघडल्यावर तो 'चित्र' एवढेच बोलला आणि गप्प झाला. तिने कळवल्यावर आम्ही मूळ फाईल पाठवली. ती जुन्या डीटीपी फॉन्टमधली. डोळ्याला मराठी दिसते, पण आत यंत्रासाठी इंग्रजी अक्षरेच असतात. तेव्हा मोबाईल काहीबाही बरळू लागला. शेवटी चुलतभावाने घाईघाईत वाचून अर्ज भरला, त्यात उत्पन्नाचा दाखला राहिला आणि अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडला. तो बाजूला ठेवणाऱ्यांतही आम्ही होतो.

मित्रहो, त्या वेळी आमच्याजवळ बिल्ला होता! बँकेने कर्मचाऱ्यांसाठी 'डिजिटल सुगम्यता' नावाचा पाठ ठेवला होता. संगणकावरचे काम अंध, कर्णबधिर, हात न चालणाऱ्या माणसालाही वापरता यावे, याला सुगम्यता म्हणतात. अर्ध्या तासाचा पाठ, शेवटी दहा प्रश्न. आम्ही तो जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता उरकला. दोन उत्तरे शेजारच्या टेबलावरून विचारून घेतली. लगेच आमच्या नावापुढे गोल रंगीत बिल्ला झळकला.

असे बिल्ले आता बऱ्याच कचेऱ्यांत देतात. मोझिला या संस्थेने 2011 साली 'ओपन बॅजेस' ही कल्पना पुढे आणली. तिच्यातला मुद्दा चांगला होता. बिल्ल्याच्या चित्रातच तो कोणी दिला, कधी दिला आणि काय करून दाखवल्यावर दिला, ही माहिती गुंफलेली असते. आपल्या एस.टी. कंडक्टरच्या बिल्ल्यासारखेच हे आहे. त्याच्यावर नंबर असतो तो शोभेसाठी नव्हे. उतारू तो टिपून घेऊन तक्रार करू शकतो. आमच्या बिल्ल्याचा नंबर टिपणारा उतारूच कोणी नव्हता. शिवाय वार्षिक अहवालात किती बिल्ले मिळवले ते मोजतात, म्हणून जो तो गोळा करतो. अमेरिकेत सरकारी संकेतस्थळे तपासणाऱ्यांसाठी 'ट्रस्टेड टेस्टर' हे प्रमाणपत्र आहे. तिथे ठरलेल्या पद्धतीने तपासणी करून दाखवावी लागते. नुसत्या प्रश्नोत्तरांवर भागत नाही.

आमच्या शाखेत एक अंध सहकारी आहेत. 'एनव्हीडीए' हा पडदावाचक वापरून ते आमच्यापेक्षा जलद काम करतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी 2006 साली तो सुरू केला, आणि तो फुकट मिळतो. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे. आम्ही एक परिपत्रक स्कॅन करून या सहकाऱ्यांना पाठवले, तर ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या नावापुढे बिल्ला आला म्हणतात, पण कागद कोराच आला की!"

मग एका शनिवारी काम संपल्यावर त्यांनी आम्हाला बसवले आणि पडदा बंद केला. "आता तुमचेच परिपत्रक कानाने वाचा," म्हणाले. आम्ही वीस मिनिटे चाचपडलो. मथळा आम्ही नुसता ठळक केला होता. यंत्राला ते मथळा आहे हे कळत नाही. 'हेडिंग' ही शैली लावली असती तर एच हे एकच बटण दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता आले असते. थकबाकीची खाती आम्ही फक्त लाल रंगाने दाखवली होती. कानाला लाल कसे कळणार? रंगांधळ्यालाही ते कळत नाही. फिकट करड्या अक्षरांचे तेच. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण निदान 4.5 ला 1 असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो पाठात होता, आम्ही बरोबर उत्तरही दिले होते!

त्यानंतर शाखेत आम्ही आपसात ठरवले की, आपले तीन कागद या सहकाऱ्यांनी कोणालाही न विचारता शेवटपर्यंत वाचले तरच बिल्ला नावापुढे ठेवायचा. अकरा जणांपैकी दिवाळीपर्यंत चौघांना जमले. आम्हाला तिसऱ्या खेपेला. साहेबांना हा पोरखेळ वाटला. त्यांचे म्हणणे त्यांच्यापाशी.

कोणी म्हणेल, ही दयेची गोष्ट आहे. तसे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. खाते उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असे यंत्र सांगते. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांनी ती कशी करावी? 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिला आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या आम्हा लोकांना हा निकाल अधिक लागू आहे.

आता संस्थेच्या अर्जाविषयी. नवा अर्ज आम्ही युनिकोड मराठीत, संगणकावर भरता येईल असा केला आहे आणि आधी त्याच विद्यार्थिनीला पाठवला. ती चौथ्या रकान्याशी अडली. त्या रकान्याला आम्ही नाव जोडलेच नव्हते. मोबाईल फक्त 'लिहा' म्हणत होता, काय लिहा ते सांगत नव्हता. तेवढे दुरुस्त करून रविवारी तिच्याकडे पुन्हा पाठवतो. तिने शेवटपर्यंत भरून परत केल्यावरच तो सर्वांना द्यावा, आणि तोवर अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढवावी, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे.