हिशेबाच्या तक्त्यापासून संगणकापर्यंत

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या मार्गदर्शन समितीकडे येणारे पुष्कळ जण एकच प्रश्न विचारतात, "आता या वयात संगणकाच्या क्षेत्रात जाता येईल का?" विचारणारा कधी बी.कॉम. होऊन दुकानाचे हिशेब लिहिणारा असतो, कधी विनाअनुदानित शाळेतला शिक्षक, तर कधी सहा-सात वर्षे स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला तरुण. मागासवर्गीय उमेदवाराला राज्य शासनाच्या नोकरीसाठी ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. ही सवलत आहे; ४३ पर्यंत वाट पाहण्याची सक्ती नव्हे. आणि गंमत अशी की, "या वयात" हे शब्द २६ वर्षांचा मुलगाही तितक्याच गंभीरपणे उच्चारतो!

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका बाईंच्या कामाच्या हकिकतीने देणार आहोत. त्यांचे नाव डोरोथी वॉन. जन्म १९१०, अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय कुटुंबात. १९२९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या पदवीधर झाल्या आणि पुढे व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल गावी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत गणित शिकवू लागल्या. लग्न झाले, मुले झाली, नोकरी पक्की होती. अशा स्थितीत १९४३ च्या डिसेंबरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, मुलांना घरच्या माणसांपाशी ठेवून त्या लँगली येथील विमानविद्येच्या सरकारी प्रयोगशाळेत दाखल झाल्या. महायुद्ध चालू होते, मनुष्यबळ कमी पडत होते. १९४१ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढून संरक्षण उद्योगांत व सरकारी खात्यांत वर्णभेदाने नोकरी नाकारण्यास मनाई केली होती. हा आदेशही आपोआप निघाला नव्हता. ए. फिलिप रँडॉल्फ या कामगार नेत्याने राजधानीवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा तो निघाला.

डोरोथीबाईंच्या पदाचे नाव होते 'कॉम्प्युटर'. त्या काळी हा शब्द माणसाला लावीत. अभियंते सूत्र देत. त्या सूत्राचे तुकडे करून मोठ्या कागदावर रकाने आखले जात. पहिल्या रकान्यात वेग, दुसऱ्यात त्याचा वर्ग, तिसऱ्यात पहिल्या दोहोंवरून काढायची संख्या, असे एकामागून एक. बायका फ्रिडेन किंवा मर्चंटच्या हिशेबयंत्रावर ते रकाने भरीत. एकीने केलेले दुसरीने तपासायचे. कृष्णवर्णीय बायकांचा विभाग निराळा होता. स्वच्छतागृह निराळे, भोजनगृहात टेबल निराळे. याचा अर्थ काय, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांना आम्ही समजावून सांगण्याचे कारण नाही.

१९४९ साली या विभागाचे प्रमुखपद डोरोथीबाईंकडे आले. त्या संस्थेतील त्या पहिल्या कृष्णवर्णीय पर्यवेक्षक. कोणत्या कामाला कोणती मुलगी योग्य, हे अभियंते त्यांना विचारीत आणि त्यांची शिफारस मानीत. पगारवाढ आणि बढती यांसाठी त्या आपल्या हाताखालच्या बायकांची बाजू मांडीत. प्रसंगी गोऱ्या बायकांचीही.

पुढे १९५० च्या दशकात आयबीएमची यंत्रे आली. महिनाभराचे काम ती थोड्या वेळात उरकू लागली. १९५७ साली फोरट्रान ही भाषा बाहेर पडली. 'फॉर्म्युला ट्रान्सलेशन' म्हणजे सूत्राचे भाषांतर, यावरून हे नाव. डोरोथीबाईंनी ओळखले की रकाने भरणाऱ्या हातांची गरज संपत आली आहे. त्या स्वतः फोरट्रान शिकल्या आणि आपल्याबरोबरच्या बायकांनाही शिकवली. १९५८ साली प्रयोगशाळा नासामध्ये गेली, निराळे विभाग बरखास्त झाले आणि त्या गणन विभागात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागल्या. लहान उपग्रह वर नेणाऱ्या स्काउट अग्निबाणाच्या कामात त्यांचा वाटा होता. मित्रांनो, त्या वेळी त्यांनी पन्नाशी गाठत आणली होती.

त्यांना हे कसे जमले, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. सूत्र तोडून रकाने पाडणे आणि प्रोग्रॅम लिहिणे या मुळात एकाच जातीच्या गोष्टी आहेत. आधी काय, नंतर काय, मागच्या पायरीचे उत्तर पुढे कुठे लागते, चूक कुठे पकडायची, हे सारे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने येत होते. भाषा तेवढी नवी होती. जुने काम फेकून त्या नव्यात गेल्या नाहीत. जुने बरोबर घेऊन गेल्या.

पण हकिकत इथेच संपवली तर आम्ही तुम्हाला फसवल्यासारखे होईल. विभाग बरखास्त झाला तेव्हा त्यांचे प्रमुखपदही गेले. ते पुन्हा मिळावे म्हणून त्यांनी प्रयत्न केले. १९७१ साली निवृत्त होईपर्यंत ते मिळाले नाही. २००८ साली, ९८ व्या वर्षी त्या वारल्या. मार्गो ली शेटर्ली यांचे 'हिडन फिगर्स' पुस्तक २०१६ साली आले, त्यावर चित्रपट निघाला आणि २०१९ साली अमेरिकन काँग्रेसने मरणोत्तर सुवर्णपदक जाहीर केले. चित्रपट अवश्य पाहावा. मात्र त्यातला प्रत्येक प्रसंग तसाच घडला असे समजू नये.

आता आपल्याकडे येऊ. व्यवसाय बदलणाऱ्याची पहिली दोन वर्षे कमी पगाराची असतात, वरचा माणूस वयाने लहान असतो, मागची ज्येष्ठता मोजली जात नाही. हे घरच्यांशी बोलून, हप्ते-भाडे यांचा हिशेब मांडूनच पाऊल टाकावे. पण ज्ञान मोजले जाते. बँकेसाठी सॉफ्टवेअर तपासायचे आहे असे समजा. नवशिका मुलगा व्याजाचा आकडा बरोबर येतो का एवढेच पाहील. बँकेत काम केलेली बाई विचारील, खातेदार मयत आहे, नामनिर्देशित मुलगा अज्ञान आहे, ठेव मुदतीआधी मोडायची आहे, आता हा प्रोग्रॅम काय करतो? हा प्रश्न कोणत्याही क्लासमध्ये शिकवीत नाहीत. म्हणून हिशेबनिसाने हिशेबाच्या, परिचारिकेने रुग्णालयाच्या, शिक्षकाने शिक्षणाच्या सॉफ्टवेअरकडे आधी पाहावे, असे आमचे मत आहे.

सॉफ्टवेअर चाचणीची आयएसटीक्यूबी ही पायाभूत परीक्षा ४० प्रश्नांची आहे, २६ बरोबर आले की उत्तीर्ण. वेळ एक तास, आणि परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर १५ मिनिटे जादा मिळतात. ती मागून घ्यावीत. पायथॉन फुकट मिळते. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी. अभियांत्रिकीचे पदवीधर किंवा गणित-भौतिकशास्त्रासारख्या विषयांतील पदव्युत्तर यांनी सी-डॅकचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पाहावा. इतके असताना 'नोकरीची हमी' अशी पाटी लावून लाखभर रुपये मागणाऱ्यांच्या दारात दागिने गहाण टाकून जाऊ नये. हमी लेखी द्या म्हणावे आणि त्यांचा चेहरा पाहावा.

यंत्राने प्रोग्रॅम लिहिण्याची भीतीही आम्हाला विचारली जाते. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरात आले, आणि त्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसे कमीही केली. भीती खोटी नाही. नुसते साचेबंद प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम खरोखरच कमी होणार. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे सांगणारा माणूस मात्र लागेल, आणि त्याला विषय कळत असावा लागेल.

शेवटी, जे सभासद आज संगणक कंपन्यांत आहेत त्यांच्याशी दोन शब्द. खाजगी नोकरीत आरक्षण नाही. कित्येक जागा आतल्या माणसाच्या शिफारशीने भरतात, त्याला तुम्ही 'रेफरल' म्हणता. ज्यांचे काका-मामा तिथे आहेत त्यांना तो सहज मिळतो. आमच्या मुलांना काका-मामा तुम्हीच. आपण होऊन पुढे या, मुलामुलींची तयारी स्वतः तपासा, कच्चे असतील तर तोंडावर सांगा, आणि पक्के झाले की नाव पाठवा. समितीने रविवारचा वर्ग ठरवला आहे. पहिले चार रविवार संगणक उघडायचा नाही. आपापल्या आजच्या कामातला एक हिशेब कागदावर रकाने पाडून मांडायचा आहे. येताना रेघांची मोठी वही आणावी. नावे आजच कार्यालयात नोंदवावीत, आणि कोणत्या रविवारी शिकवायला येणार तेही सभासदांनी त्याच वहीत लिहून जावे.