विद्यापीठाच्या परीक्षा आणि कामकऱ्यांची मुले



वसंत व्याख्यानमालेत विद्यापीठाच्या परीक्षांवर बोलण्यासाठी युनियनच्या एका कार्यकर्त्याला उभे करावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नाही. आमचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या दारात, करारांची आणि कायद्याची कलमे वाचता वाचता. परंतु परीक्षा हा आता केवळ विद्वानांचा प्रश्न राहिलेला नाही. शहाडपासून टिटवाळ्यापर्यंत, मोहने, अटाळी, वडवली या गावांत ज्या घरांत पूर्वी बाप कारखान्यात गेला की मुलगाही त्याच दाराने आत जाई, त्या घरांतील मुलेमुली आज पदवीच्या परीक्षेला बसत आहेत. मोहन्याच्या एन.आर.सी. कारखान्याला 2009 साली टाळे लागले, तेव्हापासून तर कितीएक घरांत मुलांचे शिक्षण हाच फंड आणि हीच ग्रॅच्युइटी होऊन बसली आहे. तेव्हा त्या शिक्षणाचा हिशेब कोण ठेवतो, कसा ठेवतो आणि वेळेवर देतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे असे आम्ही समजतो.

आपल्या आठवणीतील सर्वांत ठळक उदाहरण 2017 सालचे आहे. मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका आणि 477 परीक्षा! प्रत्येक पान यंत्राखाली घालून त्याचे चित्र घ्यावयाचे, ते प्राध्यापकांना पडद्यावर दाखवावयाचे आणि गुण तेथेच भरावयाचे, अशी ही योजना होती. योजना वाईट नव्हती. बेरजेची चूक टळते, गठ्ठे इकडून तिकडे न्यावे लागत नाहीत. परंतु एवढे मोठे काम पूर्वतयारीशिवाय, परीक्षांचा हंगाम आला असताना अंगावर घेतले गेले. राज्यपालांनी कुलपती या नात्याने 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. अखेरचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर निम्मा सरला. परीक्षेस हजर असलेली मुले गैरहजर दाखविली गेली. काही उत्तरपत्रिकांचा तर पत्ताच लागेना. शेवटी 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरू संजय देशमुख यांना कुलपतींनी पदावरून दूर केले.

आता यातील एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. निकाल केव्हा लावावयाचा हे कायद्यात लिहिलेले आहे. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावयाचा, आणि काहीही झाले तरी पंचेचाळीस दिवसांत तो लावावयाचाच. न लागल्यास विलंबाची कारणे देणारा सविस्तर अहवाल कुलपतींना व शासनाला पाठवावयाचा. हा कायदा 1 मार्च 2017 रोजी अंमलात आला, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याची मुदत मोडली गेली. कामगाराचा पगार कोणत्या तारखेच्या आत झाला पाहिजे हे जसे कायदा सांगतो, तसेच हे आहे. निकाल हा विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा पगार आहे. तो उशिरा देणारा त्याच्यावर उपकार करीत नसतो, त्याचे देणे थकवीत असतो.

या थकबाकीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे आमच्या विषयाचे मर्म आहे. ज्याच्या घरी चार पैसे आहेत त्याचा मुलगा दोन महिने थांबू शकतो. कामकऱ्याच्या मुलीला नोकरीच्या जागी गुणपत्रिका मागतात, तेव्हा ती 'निकाल यायचा आहे' एवढेच सांगू शकते, आणि ती जागा दुसऱ्याला मिळते. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश बंद होतात ते कोणासाठी पुन्हा उघडत नाहीत. विलंबाचा अहवाल शासनाच्या दप्तरात जातो, मुलीचे वर्ष मात्र परत येत नाही.

मग दोष कोणाचा? येथे आम्हांला एक सावधगिरीचा शब्द सांगावयाचा आहे. निकाल रखडला की प्रथम शिव्या बसतात त्या मास्तरांना. परंतु पडद्यावर पेपर तपासणारा प्राध्यापक हाही कामकरीच आहे. यंत्र त्याने निवडलेले नसते, मुदत त्याने ठरविलेली नसते. पुष्कळ महाविद्यालयांत तर तासावर पैसे घेऊन शिकविणारे शिक्षक वर्षानुवर्षे राबत आहेत. कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही तीन प्रश्न विचारतो: चालविणाऱ्याला शिकविले काय? जुने यंत्र काढण्यापूर्वी नव्याची चाचणी घेतली काय? आणि बिघाड झाल्यास जबाबदार कोण? 2017 साली हे प्रश्न कोणी वेळेवर आणि मोठ्याने विचारले असते, तर पुष्कळ अनर्थ टळला असता.

दुसरी सावधगिरी विद्यार्थ्यांसाठी. गोंधळ झाला की 'परीक्षाच नको, सगळ्यांना पास करा' अशी आरोळी उठते. ती आम्हांला मान्य नाही. करोनाच्या साथीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 28 ऑगस्ट 2020 रोजी न्यायालयाने सांगितले की, राज्यांना परीक्षा पुढे ढकलता येतील, परंतु शेवटच्या वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. आम्हांला हे योग्य वाटते. श्रीमंताच्या मुलाला पदवीखेरीज वडिलांची ओळख असते. गरिबाच्या मुलाजवळ पदवीच तेवढी असते. ती स्वस्त झाली तर नुकसान त्याचेच अधिक.

तेव्हा करावयाचे काय? युनियनच्या कामात आम्ही जी रीत शिकलो तीच येथेही उपयोगी पडते. पहिले म्हणजे पुरावा जपणे. हॉल तिकीट पदवी हाती पडेपर्यंत टाकू नये. पेपर देऊन घरी आल्यावर तारीख, विषय, बैठक क्रमांक, खोली आणि किती पुरवण्या जोडल्या हे एका वहीत लिहून ठेवावे. परीक्षेच्या वर्गात हजेरीपटावर आपण सही करतो. उद्या आपणांस गैरहजर दाखविले, तर मस्टरवरील सहीप्रमाणे तीच सही आपली साक्ष. दुसरे म्हणजे तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. खिडकीवर झालेले बोलणे हवेत विरते. पोचेचा शिक्का राहतो. तिसरे म्हणजे मुदत पाळावी. उत्तरपत्रिकेची प्रत मागण्याची आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते.

चौथी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकाराखाली येणारी माहिती आहे आणि ती पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे. परीक्षकाचे नाव मात्र सांगण्याची गरज नाही, असेही न्यायालयाने म्हटले. हा निवाडा आम्हांला शहाणपणाचा वाटतो: हिशेब उघडा, पण हिशेबनिसाला रस्त्यावर ओढू नका. आणि यावरही दाद लागली नाही, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठात लोकपाल असावयास हवा. त्याच्याकडे जावे. एकट्याने जाण्यापेक्षा ज्यांची तक्रार सारखी आहे त्यांनी मिळून जावे. दहा जणांचा अर्ज एकाच दिवशी आला की, तो व्यक्तीचा हट्ट राहत नाही, व्यवस्थेचा दोष ठरतो.

आता थोडे मागे जाऊ. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षणाची मागणी होती हे आपण सारे जाणतो. परंतु त्यात विद्यापीठाच्या परीक्षांविषयीही मजकूर आहे. घरी अभ्यास करणाऱ्या खासगी विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेस बसू देतात हे लोकांवर उपकारक आहे, तीच सवलत बी.ए., एम.ए.पर्यंत द्यावी, कारण पुष्कळांना महाविद्यालयात जाऊन शिकणे अशक्य असते, असे त्यांनी सुचविले होते. मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले ते 1971 साली, म्हणजे एकोणनव्वद वर्षांनी. पाळी करून शिकणाऱ्या कितीतरी कामगारांनी त्या वाटेने पदवी घेतली. त्याच दूरशिक्षण संस्थेच्या ऑनलाइन परीक्षेवर ऑक्टोबर 2020 मध्ये सायबर हल्ला झाला आणि परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, तेव्हा रजा टाकून बसलेल्या नोकरदार विद्यार्थ्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करावी.

कलिन्याला विद्यापीठाचे परीक्षा भवन आहे, त्याला महात्मा जोतिराव फुले यांचेच नाव आहे. नाव योग्य दिले आहे. आता त्या नावाला शोभेल असा कारभार मागणे आपले काम आहे. आंबिवलीच्या मुलाला एका कागदासाठी कुर्ल्याला उतरून कलिन्याच्या खेपा घालाव्या लागू नयेत. कल्याणच्या उपपरिसरात प्रत्येक तक्रार लेखी घेऊन तिची पोच दिली जावी. निकालाची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकाबरोबरच छापली जावी. आणि नवे यंत्र आणावयाचे तर आधी एका लहान परीक्षेवर त्याची चाचणी व्हावी. ह्या तीन मागण्या आहेत, आणि त्यांत अवाजवी असे काहीही नाही.

न्यायमूर्ती रानडे मुंबई विद्यापीठाच्या 1862 सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी. पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती त्यांच्याच प्रेरणेने. विद्यापीठातील विद्या विद्यापीठाबाहेरच्या माणसांपर्यंत जावी, हा तिचा हेतू. आम्ही त्या बाहेरच्या माणसांपैकी आहोत. आमची मुले आता आत गेली आहेत. त्यांच्या कष्टाचा हिशेब वेळेवर आणि खरा मिळावा यासाठी ह्या मागण्यांचा अर्ज तयार होईल, तेव्हा आपण सर्वांनी त्यावर सही करावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.