बोट घ्यायची तर वेग शेवटी बघा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या गच्चीवर झालेल्या ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमातील भाषण. मजकूर वक्त्यांनीच लिहून दिला आहे.)



गेल्या वर्षी आम्ही उभयता सहा महिने मुलाकडे अमेरिकेत राहून आलो. तिथून मी आपल्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. त्यावर बी विंगमधून लगेच प्रश्न आला, ‘काका, बोट घेतलीत म्हणे! पार्किंग कुठे देऊ?’ तर आधीच खुलासा करतो. बोट माझी नाही, मुलाची आहे. ती घेताना एक मोठी चूक होणार होती, ती मात्र माझी. सचिव म्हणाले, त्यावरच बोला. म्हणून उभा आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की माझी चौतीस वर्षं गोदीत गेली. टग, लाँच, बार्ज यांची इंजिनं उघडायची आणि बसवायची, हेच माझं काम. मुलगा सात वर्षांचा असताना एका रविवारी त्याला भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला नेलं होतं. जाताना-येताना तो मागच्या कठड्याला धरून पाण्यात उठणारा फेस बघत बसला. तेव्हा बोटीचं जे वेड लागलं, ते आजपर्यंत गेलेलं नाही. आता त्याचं घर मिशिगनमध्ये, सेंट क्लेअर सरोवराजवळ आहे. हे सरोवर मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या दुपटीहून मोठं आहे, पण खोली सरासरी अकराच फूट. पाणी उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात. बोट त्यांच्यावर अक्षरशः आपटते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मुलाला साधी बोट नको होती. जोरात जाणारी हवी होती. नवीन परवडत नाही, म्हणून वापरलेली. अशा बोटींचा जन्म शर्यतीत झालेला आहे. रे हंट नावाच्या अमेरिकी आरेखकाने तळाचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल ठेवला, आणि १९६० साली मायामी ते नासाउ या शर्यतीत खवळलेल्या समुद्रात असल्याच एका ३१ फुटी बोटीने बाजी मारली. सपाट तळाची बोट लाटेवर आदळते, खोल व्हीची बोट लाट कापत जाते. मागच्या टोकाला हा कोन २४ अंशांच्या आसपास असला की बोट शर्यतीच्या जातीची समजायची. पण फुकट काही मिळत नाही. अशा तळाला ताकद जास्त लागते, पेट्रोल जास्त लागतं, आणि बोट उभी असताना ती पाळण्यासारखी डुलते. चढता-उतरताना म्हाताऱ्या माणसाची त्रेधा उडते.

पहिली बोट आम्ही बघितली ती १९९८ सालची, २७ फुटी. पुढचा भाग पूर्ण झाकलेला आणि आत ८.२ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. मालकाने चावी फिरवली, आणि मंडळी, तो आवाज! मी तिथेच विरघळलो. इंजिनावर हात ठेवला तर ते कोमट लागलं. म्हणजे आम्ही यायच्या आधी मालकाने ते चालवून ठेवलं होतं. थंड इंजिन पहिल्या फेरीत सुरू होतं का, धूर टाकतं का, हे बघायचं असतं. गोदीत माझ्या हाताखालच्या पोराने ही गोष्ट नजरेआड केली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. इथे मी स्वतःच ती नजरेआड केली. वर मुलाला म्हणालो, ‘एक नंबर आहे. घेऊन टाक.’

तिथे बोट घेण्याआधी मरीन सर्व्हेअरकडून तपासून घेतात. फुटामागे वीस-पंचवीस डॉलर घेतो. मुलगा म्हणाला, ‘बाबा, बोलवू या का?’ मी म्हणालो, ‘मी असताना सर्व्हेअर कशाला? सहाशे डॉलर वाचव.’

मग सगळ्यांना घेऊन चाचणीची फेरी झाली. ताशी साठ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरच्या जवळ. मुलगा खूष आणि मीही खूष. परत धक्क्याला लागलो तेव्हा सात वर्षांची नात म्हणाली, ‘आजोबा, मला काहीच दिसलं नाही.’ बैठक इतकी खोल होती की तिला फक्त आभाळ दिसत होतं. सून गप्प होती. आमच्या सौभाग्यवतींनी कमरेला हात लावून एकच प्रश्न विचारला, ‘अहो, मध्येच ह्याला काही झालं, तर सुनेला ही बोट किनाऱ्याला आणता येईल का?’

कुणीच काही बोललं नाही. इंजिनाचे सिलिंडर मी मोजले होते, बोटीतली माणसं मोजली नव्हती.

त्या रात्री घरात थोडी वादावादी झाली. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्हीच तर एक नंबर म्हणालात.’ त्याचं बरोबर होतं. शेवटी ही म्हणाली, ‘तुम्ही त्या बोटीच्या प्रेमात पडलाय. जो प्रेमात पडला नाही अशा माणसाला बोलवा.’ मान खाली घालून सर्व्हेअरला फोन केला.

तो आला तो एक छोटी हातोडी घेऊन. आपल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हा तो इंजिनिअर प्लॅस्टरवर ठोकून पोकळ आवाज ऐकत होता, आठवतं? अगदी तसंच. फायबरची बोट बाहेरून चकचकीत दिसली तरी आत अनेक ठिकाणी प्लायवूड असतं. मागच्या भिंतीत, जिला ट्रान्सम म्हणतात, ते जाड असतं, कारण सगळा जोर त्या भिंतीवर येतो. एकेका स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. चांगल्या जागी हातोडी टणक वाजते, कुजलेल्या जागी बद्द. त्या बोटीची मागची भिंत निम्मी बद्द वाजली. ओलावा मोजायच्या यंत्रानेही तेच सांगितलं. दुरुस्ती करायची तर इंजिन बाहेर काढून भिंत नव्याने बांधायची. खर्च बोटीच्या किमतीच्या निम्म्याच्या घरात.

सर्व्हेअर गेल्यावर मी मुलाला म्हणालो, ‘चुकलो रे.’ बापाला मुलासमोर हा शब्द उच्चारायला फार जड जातो. तो हसला आणि म्हणाला, ‘बाबा, चला, दुसरी बघू.’

दुसरी शोधताना आम्ही क्रम उलटा केला. आधी माणसं, मग बोटीचं अंग, मग इंजिन, आणि वेग सर्वांत शेवटी. उद्या तुमच्या मुला-मुलींनी बोट घेतली, किंवा नुसती जुनी गाडी घेतली, तरी हा क्रम उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

माणसं म्हणजे काय? घरातल्या प्रत्येकाला बोटीत नेऊन बसवायचं. लहान मूल बसल्या जागेवरून बाहेर बघू शकतं का? धरायला दांडी आहे का? म्हातारं माणूस धक्क्यावरून आधाराने उतरू शकतं का? आणि आमच्या हिचा प्रश्न, घरातल्या आणखी एका माणसाला ती चालवता येते का?

बोटीचं अंग म्हणजे तळ, मागची भिंत आणि आतले आडवे-उभे आधार. हे सर्व्हेअरवर सोडायचं. त्याला विकणाऱ्याने सुचवलेला नको, आपण शोधलेला हवा.

इंजिनाचं माझ्यावर. या बोटींत इंजिन आत असतं आणि पंख्याचा पाय मागे बाहेर लोंबतो. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. तो पाय जिथून बाहेर पडतो तिथे रबराचा भाता असतो. त्याला चीर गेली की पाणी आत, आणि बोट धक्क्यालाच बसते. पाचशे डॉलरच्या रबरावर पंधरा हजारांची बोट तरंगत असते, हे विसरू नका. तेलाची कांडी काढून बघायची. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण सगळे एकमेकांच्या जवळ हवेत, साधारण दहा टक्क्यांच्या आत. आणि तास कमी दिसले म्हणून हुरळायचं नाही. वीस वर्षांत दीडशे तास चाललेलं इंजिन म्हणजे बसून बसून गंजलेलं इंजिन. दर उन्हाळ्यात नियमित चाललेलं, पावत्या जपून ठेवलेलं चारशे तासांचं इंजिन मी कधीही पत्करीन. तिथे आणखी एक भानगड आहे. थंडीत सरोवर गोठतं. इंजिनात पाणी राहिलं तर त्याचा बर्फ फुगतो आणि बिडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून दर वर्षी हिवाळ्याआधी पाणी काढल्याच्या पावत्या मागायच्या.

अशी शोधता शोधता पाचवी बोट पसंत पडली. २४ फुटी, तळाचा कोन २१ अंश, इंजिन ५.७ लिटरचं, पुढे उघड्या बैठका. सर्व्हेअरने तासभर ठोकून बघितली, सगळीकडे टणक. इंजिन थंडगार होतं आणि पहिल्या फेरीत सुरू झालं. ताशी पंचेचाळीस मैल जाते. पहिलीपेक्षा पंधरा मैल कमी. पण त्या आखूड लाटांवर रोज साठने जातो कोण? मुलाला जोर हवा होता, तो मिळाला. नातीला पाणी दिसतं. आणि पहिल्याच आठवड्यात सुनेने ती धक्क्याला अशी अलगद लावली की मुलगा बघतच राहिला.

घेऊन झाल्यावर घरात काही नियम झाले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. म्हणून चावी फिरवण्याआधी चार मिनिटं पंखा लावायचा, झाकण उघडून वास घ्यायचा. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वासच नसतो. वेगात पुढच्या बैठकीवर मुलं नकोत. चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवायची. तो पाण्यात पडला तर बोट आपोआप थांबते. तिथे १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या, ही सोय असलेल्या बोटींना ती वापरणं कायद्यानेच सक्तीचं आहे. लाइफ जॅकेटचा मिशिगनचा कायदा सहा वर्षांखालच्या मुलांना आहे. नात सात वर्षांची. तिने तसं सांगूनही बघितलं. आजी म्हणाली, ‘इथे आजीचा कायदा.’ विषय संपला.

खर्चाचं विचाराल तर विमा, हिवाळ्यातली जागा, देखभाल धरून किमतीच्या दहा टक्के दर वर्षी बाजूला ठेवावेत असं तिथले लोक ढोबळमानाने सांगतात. मी मुलाला म्हणालो, आमच्या सोसायटीतही असा निधी असतो, त्याला सिंकिंग फंड म्हणतात. तो म्हणाला, ‘बाबा, बोटीसाठी तेवढा हा शब्द नको!’

मंडळी, आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत आपण रंगावरून किती भांडलो आणि गच्चीच्या गळतीकडे किती वर्षं दुर्लक्ष केलं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मीही त्यात होतोच. चकचकीत दिसतं त्याच्यावर जीव जडतो. जिथे पाणी मुरतं तिथे ठोकून बघायला कुणीतरी परका लागतो, नाहीतर घरातलंच एखादं माणूस, जे प्रेमात पडलेलं नाही. माझ्या घरात ते माणूस होतं. आत्ता दुसऱ्या रांगेत बसलंय, आणि मी आणखी किती वेळ बोलणार म्हणून घड्याळ बघतंय.

म्हणून इथेच थांबतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!